आधी बेल, मग आवराआवर

भिंगरीचे पाचही क्रम चुकले ही बातमी इमारतीत ज्या क्रमाने पसरली, तो क्रमसुद्धा चुकीचाच होता. आधी ती वरच्या काकूंना कळली, मग समोरच्या विमेवाल्यांना, मग घरात आजीला, आणि सगळ्यांत शेवटी, चहा गार झाल्यावर, गुरुजींना.

खरं तर पहिला मान गुरुजींचा. ते भिंगरीचे सख्खे आजोबा. शिवाय उभी हयात मुलांना शिकवण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत मुलांचा थवा उतरायचाच. ज्या पोराबद्दल 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' असं म्हटलं जाई, त्या डोक्याला दार नेमकं कुठल्या बाजूला आहे, हे गुरुजी न कंटाळता शोधून काढत. अशा माणसाच्या स्वतःच्या नातीचे पाचही क्रम चुकावेत, म्हणजे दिव्याखाली अंधार नव्हे, दिव्याच्या वातीतच अंधार!

घराजवळच्या नव्या शाळेत भिंगरीला घालायचं घाटत होतं. तिथे प्रवेशपरीक्षा होती आणि तिच्यात तर्कशक्तीचा एक भाग होता. 'रोजच्या घटना योग्य क्रमाने लावा.' सरावाची प्रश्नपत्रिका सोडवून भिंगरी परत आली ती थेट खाटेच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसली. एरवी ही मुलगी जेवताना सुद्धा स्वतःभोवती एक गिरकी घेत असे. नाव उगाच पडलेलं नव्हतं.

“आजोबा, मी ढ आहे का हो?”

मूल हा प्रश्न विचारतं तेव्हा उत्तर त्याने ठरवलेलंच असतं, त्याला फक्त मोठ्या माणसाची सही हवी असते. गुरुजींनी आजवर अशी सही कुणाला दिली नव्हती.

“आण बघू तो कागद.”

पहिला प्रश्न होता पाहुण्यांचा. घर आवरणे, बेल वाजणे, दार उघडणे, पाहुणे बसणे. भिंगरीने लिहिलं होतं: आधी बेल वाजते, मग घर आवरतात, मग दार उघडतात, मग पाहुणे बसतात.

“अगं, घर आधी आवरतात राणी. पाहुणे मग येतात.”

“कुणाच्या घरी?”

गुरुजी उत्तर द्यायला गेले आणि त्यांना कालची संध्याकाळ आठवली. बेल वाजली तशी त्यांच्या मुलाने कपड्यांचा अख्खा डोंगर पलंगाखाली लोटला होता, सूनबाई 'आले हं, आले!' असं गोड आवाजात म्हणत कपबशा गोळा करत होती, आजीने पसरलेली वर्तमानपत्रं गादीखाली सारली होती, आणि पाय पुसायचं ओलं फडकं सोफ्याच्या मागे भिरकावणारा जो हात होता, तो खुद्द गुरुजींचा होता. दार उघडलं तेव्हा घर आरशासारखं लखलखत होतं. बाहेर पार्सलवाला होता. पत्ता चुकून आलेला.

“बरं, दुसरा,” गुरुजी म्हणाले.

दुसरा बाहेर जाण्याचा. दिवे बंद करणे, किल्ली घेणे, दार ओढणे, निघणे. भिंगरीने तो पार उलटा टांगला होता.

“बाबा रोज असंच करतात,” ती म्हणाली. “आधी निघालो निघालो म्हणतात. मग दार ओढतात. मग किल्ली आत राहिली म्हणून बेल वाजवतात. आणि आत आले की ओरडतात, दिवा कोण चालू ठेवून गेलं म्हणून.”

तिसरा शर्टाचा. धुणे, वाळवणे, इस्त्री करणे, घालणे. भिंगरीने 'घालणे' इस्त्रीच्या आधी ठेवलं होतं. कारण बाबा तो आधी घालत, मग आई कपाळाला हात लावी, मग तो काढून इस्त्रीखाली जाई. चौथ्या-पाचव्याची चौकशी करण्याचं धैर्य गुरुजींना झालं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मुलगी चुकली नव्हती. डोळ्यांनी पाहिलं ते तिने इमानाने लिहिलं होतं. चुकलं होतं ते घर.

आणि शिक्षक कितीही निवृत्त झाला तरी चूक सापडली की ती तशी सोडून झोपू शकत नाही.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी घोषणा केली. “परीक्षा येत्या रविवारी आहे. तोवर या घरात प्रत्येक गोष्ट क्रमाने होईल. आधीचं आधी, नंतरचं नंतर.”

“म्हणजे आतापर्यंत काय नंतरचं आधी होत होतं?” आजी म्हणाली.

“तेच तर. चहात तू दूध आधी घालतेस. तिच्या सरावाच्या पुस्तकात पाणी, साखर, पूड, दूध असा क्रम दिलाय.”

“मग उद्यापासून पुस्तकालाच सांगा करायला. कप मी विसळून ठेवीन.”

गुरुजी जरा दुखावले. पण सुधारकांना घरातून विरोध व्हायचाच, असं मनाशी म्हणून त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी घरभर पाट्या लागल्या. दाराला 'किल्ली घेतली का?', इस्त्रीच्या टेबलाला 'घालण्यापूर्वी', बाथरूमला 'आधी टॉवेल'. गुरुजींचा मुलगा दारावरची पाटी वाचत उभा राहिला, पाटी किती छान अक्षरात आहे असं म्हणाला, दार ओढून जिना उतरला, आणि लगेच बेल वाजली.

“तसं जमणार नाही, गुरुजी,” समोरचे विमेवाले म्हणाले. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून जगात कुठेही काही घडायच्या आधी त्यांना धोका दिसे आणि घडून गेल्यावर 'मी म्हणालोच होतो' हे म्हणायला ते पहिले हजर असत. “पाट्या वाचून कुणी सुधारतं का? एक काम घ्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पोरीच्या डोळ्यांदेखत करा. जन्मभर विसरणार नाही.”

सल्ला रास्त होता. पुढे जे झालं ते पाहता भिंगरी ते खरोखरच जन्मभर विसरणार नव्हती. विमेवाल्यांचा शब्द कधी नव्हे तो तंतोतंत खरा ठरायचा होता.

काम समोरच होतं. बाथरूमचा नळ कित्येक महिने गळत होता. आणि पुस्तकात, नशीब बघा, अगदी तोच प्रश्न होता! 'नळ गळतो. मुख्य कॉक बंद करतात. नळ काढतात. नवा वायसर बसवतात. नळ लावून कॉक उघडतात.' एकापाठोपाठ एक, शिस्तीत उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या पाच घटना. गुरुजींना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. नातीचा हात धरून ते मुख्य कॉक बंद करायला निघाले.

मुख्य कॉक जिन्याखालच्या पेटीत होता. पेटीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे होती.

सेक्रेटरी म्हणजे वरच्या काकूंचे यजमान, गुरुजींच्या डोक्यावरच राहायचे. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ताट आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीचा शिक्का ठेवून ते कारभार बघत.

“अर्ज लागेल,” ते म्हणाले. “सोबत काम पूर्ण झाल्याचा प्लंबरचा दाखला.”

“काम अजून व्हायचंय हो. त्यासाठीच तर कॉक बंद करायचाय.”

“दाखल्याशिवाय कॉक बंद होत नाही.”

“आणि कॉक बंद झाल्याशिवाय काम होत नाही.”

“बरोबर,” सेक्रेटरी समाधानाने म्हणाले, जणू गुरुजींना एकदाचा मुद्दा कळला होता. “गेल्या खेपेला एकाने कॉक बंद केला आणि प्लंबर आलाच नाही. सगळा जिना कोरडा. म्हणून ठराव केला. आधी दाखला, मग कॉक.”

जिना उतरताना भिंगरीने विचारलं, “आजोबा, यात पहिली घटना कुठली?”

गुरुजी म्हणाले, “पाय बघून टाक.”

प्लंबर मात्र भला निघाला. “दाखला ना? आत्ता देतो की! मी तो नेहमी आधीच देऊन टाकतो, गुरुजी. म्हणजे मग कामाची घाई राहत नाही.” पण न झालेल्या कामाचा दाखला घेणं गुरुजींच्या तत्त्वात बसेना, तेही नातीसमोर. त्यांनी नुसता वायसर आणि पाना मागून आणला. प्लंबरने पाठीमागून हाक मारून सांगितलं, दाखला तेवढा उद्या आणून टाकतो, कागद वाया कशाला जायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या बाथरूममध्ये ऐतिहासिक गर्दी झाली. गुरुजी स्टुलावर, भिंगरी बादली उपडी घालून तिच्यावर, विमेवाले दारात, त्यांच्या मागे वरच्या काकू. यजमान आंघोळीला गेलेत तेवढ्यात बघून जाते म्हणाल्या. आजी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “मला काही बघायचं नाही. पुसायला लागलं की बोलवा.”

“मुख्य कॉक पेटीत असला तरी प्रत्येक घराला आपापला असतोच,” विमेवाल्यांनी छताजवळच्या गंजक्या कॉककडे बोट दाखवलं. “हा बघा तुमचा. पैजेवर सांगतो.”

गुरुजींनी सारा जोर लावून तो फिरवला. “घटना दुसरी!” ते उत्साहाने म्हणाले. “कॉक बंद. आता तिसरी!”

“आजोबा, बंद झालाय का ते बघायचं नाही?” भिंगरीने विचारलं.

गुरुजींचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात 'खात्री करतात' अशी घटना नव्हती. दुसरीनंतर सरळ तिसरी होती. आणि नेमलेल्या पुस्तकाबाहेरचं गुरुजींनी परीक्षेच्या आठवड्यात कधीच शिकवलं नव्हतं.

त्यांनी पाना फिरवला.

नळ हातात आला. त्याच्या मागोमाग पाणीही आलं. आलं म्हणजे काय, कित्येक महिने थेंब थेंब करून कंटाळलेलं पाणी एकदम मोकळं झाल्यासारखं आलं! पहिला फवारा गुरुजींच्या चष्म्यावर, दुसरा विमेवाल्यांच्या पोटावर. गुरुजींनी भोकावर तळहात दाबला, तर फवारा पाच बोटांमधून पाच दिशांना गेला आणि चुकून कोरड्या राहिलेल्या काकूही त्यात आल्या.

“मी म्हणालोच होतो!” विमेवाले ओरडले, आणि घसरून बसले.

“काय म्हणाला होतात?” गुरुजी ओरडले.

ते त्यांनाही आठवेना. पाणी उंबरठा ओलांडून हॉलमध्ये निघालं. आजी आली, तिने एकवार पाहिलं, आणि पलंगावरची गादी ओढून दारात आडवी टाकली. गादीखालची वर्तमानपत्रं होड्यांसारखी तरंगत सोफ्याच्या दिशेने रवाना झाली.

तेवढ्यात बेल वाजली. त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच बेल वाजल्यावर कुणी आवरायला धावलं नाही. भिंगरीने दार उघडलं. बाहेर सेक्रेटरी उभे होते, कमरेला टॉवेल, डोक्यापासून गळ्यापर्यंत साबण, डोळे घट्ट मिटलेले.

“माझं पाणी कुणी बंद केलं?”

तो गंजका कॉक गुरुजींचा नव्हता. सेक्रेटरींचा होता.

“अहो, ते राहू द्या, आधी पेटी उघडा!” गुरुजी आतून ओरडले. “मुख्य कॉक बंद करा!”

“किल्ली घरात आहे.”

“मग आणा ना!” काकू म्हणाल्या. “दार मी उघडंच ठेवून आले होते.”

“मी ओढून घेतलं ते. घर सताड उघडं टाकून टॉवेलवर कसा येऊ मी?”

“आणि घराची किल्ली?”

सेक्रेटरींनी मिटल्या डोळ्यांनी टॉवेल चाचपला. टॉवेलला खिसा नसतो. गिरकी घेत भिंगरी ओरडली, “बघा आजोबा! आधी दार ओढलं, मग किल्ली! सगळे असंच करतात!”

निदान सेक्रेटरींचं पाणी तरी परत यावं म्हणून विमेवाल्यांनी माणुसकी दाखवली. स्टुलावर चढून त्यांनी तो गंजका कॉक पुन्हा सताड उघडला. कॉक उघडला जात असताना सेक्रेटरी सावकाश म्हणाले, “पण... पाणी का येत नाही ते बघायला मी वरचे सगळे नळ उघडे ठेवून आलोय.”

छतावर काहीतरी वाजू लागलं. आता खालीही पूर आणि वरही पूर, आणि वरच्या पुराला आतून कुलूप! नेमका त्याच वेळी खांद्यावर पिशवी टाकून प्लंबर दारात आला. “दाखला द्यायला आलो होतो,” तो म्हणाला.

“हातोडा काढ!” साबणातून आवाज आला. “पेटीचं कुलूप फोड!”

“तसं नाही करता येत साहेब. सेक्रेटरींची परवानगी लागते. फार कडक माणूस आहे.”

“मीच सेक्रेटरी!”

प्लंबरने वाकून निरखून पाहिलं. “साबणामुळे ओळखलं नाही हो.”

कुलूप फुटलं. मुख्य कॉक बंद झाला. सगळा जिना कोरडा पडला, म्हणजे नळ कोरडे पडले. जिना स्वतः चांगला ओला होता. सेक्रेटरी गुरुजींच्या पायजम्यात, अर्धा साबण तसाच अंगावर घेऊन, सोफ्यावर किल्लीवाल्याची वाट बघत बसले. तशातही त्यांनी गुरुजींना एक अर्ज लिहायला लावलाच. कुलूप फोडण्याच्या परवानगीचा. कालच्या तारखेचा.

गुरुजी बाल्कनीत जाऊन बसले. चष्म्याच्या काचेवरून अजून थेंब ओघळत होता आणि तो पुसावासाही वाटत नव्हता. प्रश्न ओल्या गादीचा नव्हता, लोकांच्या हसण्याचाही नव्हता. शिकवायला निघालेल्या माणसाने नातीला पुन्हा एकदा उलटसुलट दाखवलं होतं. परवा रविवार. ती परत येऊन खाटेच्या कोपऱ्यात बसेल आणि विचारील, आणि या वेळी सही मागेल.

जिन्यात मात्र माणसं जमत होती. ज्याच्या घरचं पाणी गेलं तो 'काय झालं?' म्हणत बाहेर येई, आणि सांगायला भिंगरी उभीच होती.

“सेक्रेटरीकाका टॉवेलवर आले!” तिने पहिल्यांदा असं सुरू केलं. कारण सगळ्यांत मजा त्यातच होती.

“पण टॉवेलवर का?”

“साबण लावलेला ना.”

“मग धुतला का नाही?”

“पाणी गेलं.”

“ते का गेलं?”

दुसरा ऐकणारा आला तेव्हा ती पाणी जाण्यापासून सांगू लागली. तिसऱ्यासाठी तिने गंजक्या कॉकपासून सुरुवात केली. कोपऱ्यावरचा दुकानदार आला तेव्हा ती पायरीवर ऐटीत उभी होती. “थांबा, मध्ये विचारू नका. पहिल्यापासून सांगते. आमचा नळ गळत होता...”

बाल्कनीत गुरुजींचे कान टवकारले. कित्येक वर्षं मुलांच्या आवाजात नेमकी हीच जागा शोधण्यात गेलेली होती: मूल आठवून सांगायचं सोडतं आणि समजून सांगू लागतं ती जागा! ते तसेच ओल्या अंगाने, एका पायात चप्पल नि एक पाय अनवाणी, जिन्यात धावले.

“भिंगरे! काकांनी अंगाला साबण लावला नसता तर?”

“तर ते आलेच नसते खाली. नुसतं खिडकीतून ओरडले असते.”

“आणि ते आले नसते तर दार?”

“ओढलं नसतं. मग किल्ली मिळाली असती. मग कुलूप फोडलं नसतं!” भिंगरीचे डोळे चमकले. “म्हणजे साबण आधी, टॉवेल मग, दार त्याच्या नंतर. आजोबा, हे ना, सगळं एकमेकांना धरून आलंय!”

“हेच! हेच ते!” गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानदाराचा हात हातात घेऊन हलवला. “घरात काय होतं ते आठवायचं नाही. विचारायचं, हे झालं नसतं तर ते झालं असतं का? नसतं ना? मग हे आधी!”

“इतकं सोप्पंय?”

“इतकंच सोपं आहे गं!”

“मग हे कागदावरच सांगायचं ना,” मागून आजी म्हणाली. “गादी वाचली असती.”

रविवारी भिंगरी परीक्षेहून आली ती गिरक्या घेतच. “आजोबा, पाहुण्यांचा प्रश्न आला होता!”

गुरुजींनी चष्मा सावरला. “काय लिहिलंस?”

“आधी घर आवरणं. मग बेल. मी आधी म्हटलं, बेल वाजायच्या आधी यांना कसं कळलं पाहुणे येणार ते? मग विचार केला, बेलीमुळे पाहुणे येत नाहीत, पाहुण्यांमुळे बेल वाजते. ते येणार असं यांना आधीच ठाऊक असेल. फोन केला असेल त्यांनी.” ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “असतात आजोबा अशीही घरं. आपण नावं ठेवू नयेत.”

निकाल लागला तेव्हा क्रमाच्या भागात तिचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. प्रवेशही मिळाला. ही बातमी गुरुजींनी मात्र स्वतः, सगळ्यांत आधी, जिन्यात उभं राहून मोठ्याने जाहीर केली. मग ते आत येऊन, पाय पसरून, भिंगरीला शेजारी घेऊन बसले. मुलगा कपड्यांच्या घड्या सोडून टाळ्या वाजवत होता, सूनबाईने सगळ्यांसाठी चहा ओतला होता, आजीने आधी दूध घातलेला.

बेल वाजली.

“विमेवाले असतील. आणि वरची दोघं,” आजी म्हणाली. “अभिनंदन करायला.”

पुढच्या क्षणी कपडे पलंगाखाली गेले, वर्तमानपत्रं गादीखाली गेली, 'आले हं, आले!' असा गोड आवाज उठला. भिंगरी कडीवर हात ठेवून शांतपणे उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, “आजोबा, उघडू? की अजून एखादी घटना बाकी आहे?”

“एकच,” गुरुजी म्हणाले, आणि पाय पुसायचं ओलं फडकं त्यांनी सोफ्यामागे भिरकावलं. “हं. आता उघड.”